खंडेरावांचे पाच तारे

खंडेरावांच्या घरातल्या कुठल्याही वस्तूचा मला हेवा वाटत नाही, असं मी गेली सहा वर्षं स्वतःला समजावत आलो आहे. त्यांची स्कूटर, त्यांचा खडा आवाज, सत्तरीतही काळे राहिलेले केस, जिना चढताना न लागणारा दम. ही यादी मी कधी केली नाही. ती फक्त मला पाठ आहे. पण त्यांच्या मॉनिटरबद्दल मात्र मी खरं काय ते सांगून टाकतो. त्या मॉनिटरमुळे माझी बायको दर रविवारी दुपारी चार वाजता स्टीलचा डबा घेऊन माझ्या घरातून निघून जात असे.

आमची मुलगी दीपिका रॉटरडॅमला असते. रविवारी चारला तिचा व्हिडिओ कॉल येतो. नर्मदाचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून फोनवर दीपिका तिला टिकलीएवढी दिसते, असं तिचं म्हणणं. खालच्या मजल्यावरच्या खंडेरावांकडे बत्तीस इंची मॉनिटर आहे. "वहिनी, आमच्याकडे येऊन बोला की. पोरगी समोर बसल्यागत दिसंल," असं ते एकदा म्हणाले आणि तेव्हापासून रिवाजच पडला. डब्यात कधी शिरा, कधी कोलंबीचं लोणचं. मला तो शिरा शनिवारी दिसायचा आणि सोमवारी त्याचं रिकामं भांडं दिसायचं.

मला कोणी येऊ नको म्हटलं नव्हतं. पण खंडेराव मला "मास्तर" म्हणतात. मी आयुष्यभर कॉलेजच्या ग्रंथालयात होतो, एकही तास कधी घेतला नाही, हे त्यांना सहा वर्षांत चार वेळा सांगून झालं आहे. ते ऐकून घेतात आणि म्हणतात, "बरोबर आहे मास्तर." अशा घरी मी जात नाही.

तर एका रविवारी डबा गेला आणि मी ठरवलं, की आपण मॉनिटर घ्यायचा. निवृत्त होताना ग्रंथालयाने मला माझाच जुना संगणक भेट दिला होता. त्याचा पडदा समारंभाच्या आधी आठ दिवस बिघडला, म्हणून नुसती पेटी दिली आणि तिला हार घातला. ती टेबलाखाली होती. दीपिकाने दोन वर्षांपूर्वी पाठवलेला कॅमेराही खोक्यात तसाच होता. फक्त पडदा हवा होता.

नर्मदाला सांगितलं. ती म्हणाली, "घ्या की. पण विजेचं बघून घ्या. खंडेरावांचा पाच तारेवाला आहे."

हे मला माहीत होतं. इमारतीतल्या प्रत्येकाला माहीत होतं. त्या मॉनिटरच्या खालच्या कडेला डाव्या बाजूला पाच तारे भरलेलं लेबल होतं, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला खंडेराव ते अंगठ्याने दाखवत. चौतीस वर्षं तारापूरला वीज तयार करण्यात गेलेला माणूस. त्याने विजेबद्दल काही म्हटलं, की त्यावर बोलणारा कोण? मी तर नाहीच.

मग मी माझ्या पद्धतीने कामाला लागलो. दुसरा माणूस असता तर दुकानात गेला असता. मी वही आणली.

आठ दिवस मी विजेच्या लेबलांबद्दल मिळेल ते वाचलं. ताऱ्यांचं लेबल आपल्या देशातलं, हे ठाऊक होतं. त्यात जास्त तारे म्हणजे कमी वीज, हेही. पण ही तुलना आपापल्या गटात असते, हे नव्हतं ठाऊक. मोठ्या गटातला पाच ताऱ्यांचा माणूस, म्हणजे वस्तू, लहान गटातल्या तीन ताऱ्यांपेक्षा जास्त वीज खाऊ शकते. खरं बघायचं ते ताऱ्यांखालचे वर्षाचे युनिट. हे वाचून मला फार समाधान वाटलं. बाहेरून पाच तारे आणि आतून भरपूर खाणारा, अशी एक ओळखीची आकृती डोळ्यांपुढे उभी राहिली.

मग अमेरिकेतली, यंत्रांवर लावतात ती निळी खूण आली. तिच्यात क्रमांक नसतो. आहे किंवा नाही, एवढंच. पास झालेल्यांचे गुण ती सांगत नाही. आणि शेवटी युरोपातलं लेबल आलं. ते शिडीसारखं. वर हिरवा ए, खाली लाल जी.

याबद्दल दीपिकाला विचारावं म्हणून मी तिला पत्र लिहिलं, ईमेलने. चार पानांचं झालं. तिचं उत्तर आलं ते असं: "बाबा, आमचा मॉनिटर एफ आहे. दुकानात बहुतेक ई, एफ, जीच असतात. २०२१ मध्ये शिडी नव्याने आखली, वरच्या पायऱ्या पुढच्या यंत्रांसाठी मोकळ्या ठेवल्या. अक्षर सोडा. खाली 'हजार तासांना इतके युनिट' असा आकडा असतो तो बघा. आणि बाबा, लग्नानंतर तुम्ही मला लिहिलेलं हे सगळ्यात मोठं पत्र आहे."

शेवटचं वाक्य मी वहीत उतरवलं नाही. विषयाशी संबंध नव्हता. आकड्यावर मात्र मी विचार केला आणि मला एक शोध लागला. समजा हजार तासांना एकोणीस युनिट, तर ते यंत्र एकोणीस वॅटचं. भागाकार करायचीच गरज नाही. हे मी नर्मदाला सांगितलं. ती वाल सोलत होती. "मग बरंच झालं," म्हणाली.

सकाळी मुरब्याहून मासळी घेऊन येणारी नवसी दारात बसली होती. टोपलीतून हात न काढता ती म्हणाली, "काका, आठ दिस काय वाचतां? वरती लिवलेलं बगून आमी कदी मावरं घेतो काय? कल्ला उघडून बगाचा. आत लाल हाय तं घ्यावा, नाय तं नाय."

मी तिला सांगितलं, की या व्यवहारात लाल म्हणजे सगळ्यात वाईट.

"मंग तुमचा धंदाच उलटा हाय," ती म्हणाली आणि नर्मदाला दोन पापलेटं जास्त दिली. बहुधा माझी दया येऊन.

खरेदीला एकट्याने जायचं ठरवलं होतं. पण नर्मदाने परस्पर खंडेरावांना सांगितलं होतं, "यांच्याबरोबर जा, खोकं मोठं असेल." गुरुवारी सकाळी खाली स्कूटर सुरू झालेली ऐकू आली. वही पिशवीत घालून मी मागे बसलो. सत्तरीच्या माणसाने दुसऱ्या सत्तरीच्या माणसाच्या मागे बसून कुठे धरावं, याबद्दल मी काही वाचलेलं नव्हतं. वाटेतल्या उमरोळीपर्यंत मी माझेच गुडघे धरले.

बोईसरला हितेशचं दुकान आहे. माणूस सज्जन. त्याने तीन मॉनिटर लावून दाखवले. मी वही उघडली आणि विचारलं, "हजार तासांना किती युनिट?"

हितेश म्हणाला, "काका, हजार तास कोण बसणार? दिसतो का चांगला, ते बोला ने."

"त्याला काय विचारता मास्तर," खंडेराव पुढे झाले. "पाच तारेवाला काढ रे."

"मॉनिटरला तारे माझ्याकडे तरी एकाला पण नाय, काका. फ्रिजला आहेत, एसीला आहेत. बघा, सगळ्या दुकानात बघा."

"माझ्याकडे आहे."

"असेल," हितेश म्हणाला. गिऱ्हाइकाशी वाद घालणं त्याच्या स्वभावात नाही. पण खंडेराव एकदम दुकानाबाहेर जाऊन स्कूटरचं चाक बघू लागले. मी हे पाहिलं आणि त्याचा अर्थ लावला नाही. अर्थ लावणं मला पुस्तकातच जमतं.

एका खोक्यावर मला ती शिडी दिसली. चोवीस इंची पडदा, नारिंगी बाणात एफ, खाली एकोणीस. माझाच एकोणीस. मुलीच्या घरी जी पायरी तीच आपल्याही घरी, या विचाराने मला भरून आलं. मी तो घेतला. बाकी काही विचारलं नाही. वहीत बाकी काही नव्हतंच.

येताना खोकं माझ्या मांडीवर होतं आणि माझं तोंड त्याच्यामागे. सिग्नलपाशी शेजारच्या टेम्पोतला एक कामगार म्हणाला, "चाचा, डिब्बा पकड़ो, भाईसाब को छोड़ दो." मी तेव्हा खंडेरावांची कंबर घट्ट धरलेली होती. खंडेराव हसले. त्यांच्या पाठीतून ते हसू मला जाणवलं. त्याहून जास्त अपमान माझा ग्रंथालयातही कधी झाला नव्हता.

इमारतीच्या दारात त्यांनी खोकं उतरवून घेतलं आणि लेबल वाचलं. "एफ?" ते म्हणाले. "मास्तर, ए, बी, सी, डी, ई आणि मग एफ? हा तर नापास आलाय."

मी समजावून सांगायला सुरुवात केली. शिडी, पायऱ्या, हजार तास. मी पहिल्या वाक्यातच होतो, तेवढ्यात ते जिना चढून गेले, माझंच खोकं घेऊन.

संध्याकाळी मी मॉनिटर जोडला, बटण दाबलं, आणि सबंध जिन्याचे दिवे गेले.

आता या दोन गोष्टींचा काही संबंध नव्हता. जिन्याची लाईन वेगळी, आमची वेगळी. पण "मास्तरांचा नापास मॉनिटर" ही बातमी दुपारपासून इमारतीत फिरत होती आणि अंधारात माणसांना कारण लवकर सापडतं. शुक्रवारी सकाळी सेक्रेटरी नीलेश याने फळ्यावर सूचना लावली: "घर क्र. ३०२ मधील एफ दर्जाच्या उपकरणामुळे सामायिक वीजपुरवठ्यावर भार येत असल्याची तक्रार आहे. तपासणी होईपर्यंत सदर उपकरण वापरू नये." नीलेश वयाने माझ्यापेक्षा तीस वर्षांनी लहान आहे आणि मला "सर" म्हणतो, पण फळ्यावर तो कोणाचंच ऐकत नाही.

मी लेखी उत्तर दिलं. सात पानं, तळटिपांसह. तळटीप क्रमांक चारमध्ये मी नाव न घेता असंही सुचवलं, की बत्तीस इंची पडद्याची वीज कोणी मोजली आहे का. नीलेशने पोच दिली, तारीख घातली आणि म्हणाला, "सर, थोडक्यात सांगा ना." मी म्हटलं, हे थोडक्यातच आहे. "मग रविवारी दामू वायरमनला मीटर घेऊन बोलावतो," तो म्हणाला.

रविवार आला. बंदी मोडून मी पावणेचारलाच मॉनिटर चालू केला. माझ्या आयुष्यातलं हे पहिलंच कायदेभंगाचं कृत्य. नर्मदाला खुर्ची दिली, मागे उशी ठेवली. त्या दिवशी डबा ओट्यावर होता, पण भरलेला होता का ते मी बघितलं नाही, बघायचं नव्हतं. चार वाजता दीपिका पडद्यावर आली. केवढी मोठी, केवढी स्वच्छ. मागच्या खिडकीतला सायकलींचा रस्ताही दिसत होता. तिने हात हलवला, तोंड उघडलं आणि बोलू लागली.

आवाज नव्हता.

मी बटणं दाबली. उजेड वाढला, उजेड कमी झाला. एकदा दीपिका हिरवी झाली. आवाज आला नाही, कारण मॉनिटरला स्पीकर नव्हता. संगणकालाही नव्हता. वीज किती लागते हे मी आठ दिवस वाचलं. त्यातून आवाज येतो का, हे वाचायचं राहून गेलं. ते लेबलवर नसतं.

नर्मदा तीन मिनिटं मुलीच्या हलणाऱ्या ओठांकडे बघत बसली. मग उठली, ओट्यावरचा डबा घेतला (भरलेला होता) आणि म्हणाली, "मी जाते हं खाली. ती वाट बघेल." रागाने म्हणाली असती तर बरं झालं असतं. पडद्यावर दीपिका रिकाम्या खुर्चीशी थोडा वेळ बोलली आणि गेली. मला ती दिसत होती, मी तिला बहुतेक दिसत नव्हतो. मी कॅमेऱ्याच्या बाजूला उभा होतो.

पाच वाजता नीलेश आणि दामू आले. दामूने भिंतीच्या प्लगमध्ये छोटा मीटर खोचला, त्यात माझा मॉनिटर. मीटरवर आकडा आला: एकोणीस. "एवढा तं दिवा पन खातो," दामू म्हणाला. "आन जिन्याचं मी आताच बगून आलो. मीटरच्या पेटीत पाल मरून पडलेली. यांचा काय संबंद नाय."

मी निर्दोष सुटलो होतो. तिथेच थांबायला हवं होतं. पण दामूच्या हातात मीटर होता, मनात तळटीप क्रमांक चार होती, आणि खाली माझी बायको दुसऱ्याच्या पडद्यासमोर बसली होती. मी म्हणालो, "तुलना केल्याशिवाय निष्कर्ष काढणं योग्य नाही." हे वाक्य मी इतक्या मोठ्याने म्हणालो, की माझं मलाच नवल वाटलं.

खाली गेलो. सहा वर्षांत मी त्या घरात पहिल्यांदा पाऊल टाकलं. नर्मदाचं बोलणं नुकतंच संपलं होतं. खंडेराव गॅलरीत, दार लोटून, आमच्याकडे पाठ करून उभे होते. तिचं बोलणं चालू असलं, की ते तासभर तसेच बाहेर उभे राहतात, हे मला तेव्हा नर्मदाकडून कळलं. मी ज्या ज्या रविवारी वर बसून मनातल्या मनात त्यांना तिच्याशेजारी खुर्चीत बसवलं होतं, ते सगळे रविवार मला परत मागे घ्यावे लागले. माणसाचा राग असा काढून घेतला, की रिकाम्या हाताने उभं राहायला फार अवघड जातं.

खंडेराव आत आले आणि दामूने मीटर लावला. शेहेचाळीस.

"शेहेचाळीस?" नीलेश म्हणाला. "पण याला तर पाच तारे आहेत."

"मोठा आहे तो," खंडेराव म्हणाले. "तारे बघा ना. हे बघा." आणि त्यांनी नेहमीसारखा अंगठा लेबलावर ठेवला. नेहमीसारखा म्हणजे खालच्या ओळीवर. मी ग्रंथपाल आहे. आयुष्यभर मी पुस्तकांच्या मागची बारीक चिठ्ठी वाचली आहे, लोकांच्या बोटांखालून वाचली आहे. मी वाकलो. अंगठ्याच्या एका बाजूला "फ्रॉस्ट" दिसत होतं आणि दुसऱ्या बाजूला "२४० लिटर".

मान वर केली तर खंडेराव माझ्याकडे बघत होते. सहा वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर मला ओळखीचं काही दिसलं. तो माझा चेहरा होता. सगळ्यांसमोर विचारलं तर काय सांगू, अशा भीतीचा.

एवढंच म्हणायचं होतं, "नीलेश, हे फ्रिजचं लेबल आहे." पाच शब्द. हेव्याची सहा वर्षं त्या पाच शब्दांत वसूल झाली असती. माझं तोंड उघडलं होतं.

"काय सर?" नीलेशने विचारलं.

"छपाई पुसट आहे," मी म्हणालो.

हे माझ्या मोठेपणामुळे घडलं, असं कृपा करून कोणी समजू नये. चार माणसांसमोर मला बोलता येत नाही. निरोप समारंभातही मी फक्त पेटीचा हार नीट केला होता. मोठेपणा आणि भित्रेपणा यांतला फरक मी अजून शोधतो आहे. त्याचं लेबल कोणी लावत नाही.

जिन्यात नर्मदा आणि मी दोघंच होतो. आता मात्र राहवेना. मी हळू आवाजात सांगितलं, "ते तारे फ्रिजचे आहेत."

"दोनशे चाळीस लिटर," ती म्हणाली. "पहिल्याच रविवारी वाचलं मी. फ्रिज आणि मॉनिटर एकाच दिवशी घेतले होते त्यांनी. त्यांची बायको वारल्यानंतर. चिकटवलं असेल घरी करमेना म्हणून."

मी दोन पायऱ्या चढलो आणि थांबलो. "तुला ते बारीक अक्षर दिसलं?"

"दिसलं की."

"म्हणजे फोनवर दीपिका दिसते."

"दिसते." तिने डबा दुसऱ्या हातात घेतला. "अहो, घरी फोन आला की तुम्ही 'बरी आहेस ना' म्हणता आणि पुस्तक घेऊन आत जाता. मग मी आणि ती, आणि मधे तुमची रिकामी खुर्ची. ती दर वेळी विचारते, बाबा कुठे आहेत. खाली गेलं की विचारत नाही. तिला वाटतं, दुसऱ्याचं घर आहे, बाबा लाजतात. तेवढं बरं पडतं मला."

मी तिच्या हातातला डबा घेतला आणि उरलेल्या पायऱ्या चढलो.

पुढच्या रविवारी चित्र मॉनिटरवर आणि आवाज फोनवर, अशी व्यवस्था मी केली. ती माझीच कल्पना, कुठेही वाचलेली नाही. दोन खुर्च्या ठेवल्या. पुस्तक दुसऱ्या खोलीत ठेवून दार लावून घेतलं. चार वाजता दीपिका आली. नर्मदा बोलली, मी बोललो. मी तिला विचारलं, खिडकीतून दिसतो त्या रस्त्याचं नाव काय. तिने सांगितलं, मग तिथला पाववाला, मग तिचा पाय मुरगळला होता तो, मार्चमध्ये. मार्चमध्ये मुरगळला होता आणि मला माहीत नव्हतं. वीसेक मिनिटं झाली असतील. माझ्या अंगात एक ऊब आली होती. मला वाटलं, आता हा पडदा खरा आपला झाला.

तेवढ्यात दीपिका म्हणाली, "आई, खंडेरावकाका कुठे आहेत? बरे आहेत ना? ते दर वेळी शेवटी आत येऊन विचारतात, थंडी किती आहे म्हणून."

नर्मदाने माझ्याकडे बघितलं.

तो जुना हेवा परत टोचला, चांगला टोचला. वीस मिनिटं. पुरी वीस मिनिटंच मिळाली होती मला. मी उठलो, चपला घातल्या आणि खाली गेलो. दार उघडंच होतं. खंडेराव इस्त्रीचा शर्ट घालून, केस विंचरून बसले होते. मॉनिटर चालू होता आणि त्यावर काहीही नव्हतं.

"दीपिका तुम्हाला विचारते आहे," मी म्हणालो. "वर येता का?"

"तुमच्याकडे?" ते उठले, परत बसले, परत उठले. "गॅलरी आहे ना तुमच्याकडे? मी तिथं थांबतो. बोलणं झालं की हाक मारा."

"गॅलरीत ऊन आहे," मी म्हणालो. "तिसरी खुर्ची काढतो."

जिना चढताना त्यांनी मला पुढे जाऊ दिलं. मी मुद्दामच सावकाश चढलो, म्हणजे दम न लागणाऱ्या माणसालाही माझ्या चालीने यावं लागलं.